दुकानातला जुना कॉम्प्युटर वेगवान करायचाय, पैसे नेमके कशावर घालावेत?

विचारणा अशी आहे. झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान. मशीन २०१४-१५ सालचं: कोअर आय-३ ४१५०, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबल्यापासून हात लावण्याजोगं व्हायलाच पाच-सात मिनिटं जातात. क्रोम, वर्ड आणि कोरलड्रॉ एकदम उघडले की हँग, आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत. हार्डवेअरवाला म्हणतो २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका, मेव्हणे म्हणतात आय-७ टाका. खर्च दहा हजारांच्या आत बसवायचा आहे.

थेट उत्तर आधी देतो. ग्राफिक्स कार्ड नको आणि आय-७ही नको. ५०० जीबीच्या आसपासची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच साटा केबलला लागणारी, पण चिपवर माहिती साठवणारी डिस्क) घ्या, विंडोज तिच्यावर आणा आणि ४ जीबी रॅमची ८ करा. एवढं करून दहा हजारांतले जे उरतील ते खर्चू नका. का, ते पुढे येईलच. पण खरेदीला निघण्याआधी एक तपासणी करा. ‘मशीन स्लो झालंय’ हे मी रोज ऐकतो आणि त्यामागचं दुखणं दर वेळी वेगळं निघतं. प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो, कशाची तरी वाट बघत. ज्याची वाट बघतोय ते बदललं तरच फरक जाणवतो. नाहीतर पैसे जातात आणि मशीन होतं तिथेच राहतं.

उद्या सकाळी मशीन सुरू करा आणि डेस्कटॉप दिसला रे दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटाच उघडला तर खाली ‘मोअर डिटेल्स’ आहे. मग ‘परफॉर्मन्स’ टॅबवर जा. डावीकडे सीपीयू, मेमरी, डिस्क अशी नावं दिसतील. दुसरं काहीही न उघडता पाचेक मिनिटं नुसतं बघत बसा. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की सीपीयू तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असेल आणि डिस्कचा आलेख शंभराला चिकटलेला असेल. आता डिस्कवर क्लिक करून खालचे आकडे वाचा. ‘रीड स्पीड’ सेकंदाला एखाद-दोन एमबीच निघेल. इथे बरेच जण चक्रावतात, की डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि काम एवढंच? त्याचं उत्तर शेजारच्या ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’मध्ये आहे. धडधाकट हार्ड डिस्कला हा आकडा दहा-पंधरा मिलिसेकंद असायला हवा. तुमच्याकडे तो ३००, ५००, मधूनच हजाराच्या वर उडी मारताना दिसेल. हजार मिलिसेकंद म्हणजे आख्खा एक सेकंद, आणि तोही एका बारक्या तुकड्यासाठी, कारण त्याच्या पुढे रांगेत शेकडो तुकडे उभे आहेत.

रांग का लागते ते साध्या गणितात दिसतं. तुमची डेस्कटॉपची डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेणारी असेल, म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर सरकण्यात आठ-नऊ मिलिसेकंद गेलेले असतात. दोन्ही मिळून बारा-तेरा. म्हणजे सेकंदाभरात जेमतेम ७५ ते ८० वेगवेगळ्या जागा वाचून होतात. प्रत्येक जागी ४ केबीच वाचायचे असतील तर सेकंदाला सव्वातीनशे केबी पदरात पडतात. आणि विंडोज सुरू होताना, क्रोम उघडताना, अँटिव्हायरस जागा होताना ज्या मागण्या येतात त्या नेमक्या अशाच असतात: बारीक, विखुरलेल्या आणि हजारोंनी. लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कचं गणित याहून बिकट.

एसएसडीत फिरणारं काही नाही. तोच ४ केबीचा तुकडा ती साधारण ०.१ मिलिसेकंदात हातात देते, म्हणजे शंभरपटीहून लवकर. मोठी सलग फाइल कॉपी केली तर फरक तीन-चारपटच दिसतो, कारण सलग वाचनात हार्ड डिस्कही दीडशे-पावणेदोनशे एमबी देते आणि साटा एसएसडी ५०० ते ५५०. खोक्यावर छापतात तो हा दुसरा आकडा. दुकानात बसल्यावर जाणवतो तो पहिला.

‘जाणवतो’ या शब्दावर थोडं थांबतो, कारण अपग्रेडमधली निम्मी फसगत इथेच होते. माणूस कॉम्प्युटरची वाट किती वेळ बघू शकतो यावर आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली लिहिलं होतं. पुढे याकोब नीलसन यांनी तीन टप्पे लोकप्रिय केले. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो. १ सेकंदापर्यंत विचारांची तंद्री मोडत नाही. १० सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं आणि माणूस मोबाइल हातात घेतो. वेग वाढल्यासारखा वाटतो तो एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात गेल्यावर. दहा सेकंदांचं काम पावणेनऊ सेकंदांत झालं तर स्टॉपवॉच खूश होईल, काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला काहीच कळणार नाही. तेच काम दीड-दोन सेकंदांवर आलं तर तुमच्या दुकानात येणारा शाळकरी पोरगाही ‘नवीन मशीन घेतलं का?’ म्हणून विचारेल.

आता मेमरीकडे या. क्रोममध्ये नेहमीचे टॅब, वर्ड आणि कोरल उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा. ‘इन यूज’पेक्षा ‘कमिटेड’ बघा. तिथे ७.१/८.९ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी. तुमच्याकडे रॅम ४ आहे, त्यातलीही थोडी ऑनबोर्ड ग्राफिक्स खातं. मागणी सात असेल तर वरच्या तीनची सोय विंडोज हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लावतं. म्हणजे आलेखात डिस्क शंभरावर दिसते, पण तिला कामाला लावणारी रॅमची टंचाई असते. हे दोन आजार एकमेकांच्या अंगावर चढलेले असतात आणि वेगळे करायची सोपी खूण अशी: काहीही न उघडता सकाळीच डिस्क शंभरावर असेल तर दोष डिस्कचा किंवा स्टार्टअपला चिकटलेल्या प्रोग्रॅमचा. सकाळी शांत आणि तीन-चार प्रोग्रॅम उघडल्यावरच शंभरावर जात असेल तर रॅमचा. ४ जीबी आणि हार्ड डिस्क अशी जोडी असली की सहसा दोन्ही सापडतात.

दोन्हींतलं एकच परवडत असेल तर? एसएसडी. रॅम कमी असली तरी पेजफाइल एसएसडीवर गेल्यावर हँग होण्याऐवजी फक्त अडखळतं. उलट १६ जीबी रॅम घालूनही विंडोज हार्ड डिस्कवरच राहिलं, तर सकाळची पाच-सात मिनिटं तशीच राहणार.

एसएसडी घेताना एच८१ बोर्डाची एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यावर सहसा एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डात बसवायची खाच) नसतो. त्यामुळे दुकानदाराने ‘सर, एनव्हीएमई घ्या, सात हजारची स्पीड आहे’ म्हटलं तरी ती (एम.२ खाचेत बसणारी जास्त वेगाची एसएसडी; सात हजार म्हणजे सेकंदाला तेवढे एमबी) तुमच्या उपयोगाची नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये लावायचं अडॅप्टर मिळतं, पण त्या काळातल्या बहुतेक बोर्डांचं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच करत नाही. आणि छोट्या एक्स१ स्लॉटमधून सेकंदाला ५०० एमबीच जातात, म्हणजे साटाएवढेच. तसंही साटावरून एनव्हीएमईवर जाण्यात रोजच्या कामाला फार काही मिळत नाही. व्हिडिओ एडिटिंगवाले आणि शेकडो जीबीच्या फायली हलवणारे सोडले तर हा फरक बेंचमार्कमध्येच दिसतो. एकदा डिस्क ०.१ मिलिसेकंदावर आली की मग आपल्याला वाट प्रोसेसरची बघावी लागते. डिस्क आणखी दुप्पट वेगाची करून तो पळायला लागत नाही.

२.५ इंची साटा एसएसडी, माहितीतल्या कंपनीची, टीएलसी प्रकारच्या मेमरी चिपची मिळाली तर उत्तम. २५० ऐवजी ५०० जीबी सांगतोय ते एवढ्यासाठी की एसएसडी गच्च भरली की मंदावते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राहिलेली बरी. ‘लिहून लिहून झिजते म्हणे’ ही भीती डोक्यातून काढा. सॅमसंगच्या ८७० इव्हो ५०० जीबीला कंपनी ३०० टीबी लिहिण्याची हमी देते. दुकानात रोज २० जीबी लिहिलं गेलं, जे तुमच्या कामात होणं अवघड आहे, तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात. चाळीस वर्षांचा हिशोब झाला. खरी भीती वेगळीच आहे. हार्ड डिस्क मरण्याआधी सहसा खरखर करते, अडखळते, चार दिवस आधी सांगून जाते. एसएसडी बरेचदा न सांगता जाते. म्हणून बॅकअप हवाच, आणि तुमची जुनी १ टीबी त्या कामाला आहे.

नाव कधी न ऐकलेल्या कंपनीची १ टीबी एसएसडी जर नामांकित कंपनीच्या २५० जीबीच्या भावात मिळत असेल, तर आत १ टीबी नसतेच असं समजा. अशा डिस्कवर कपॅसिटी खोटी लिहिलेली असते, भरत गेल्यावर जुन्या फायली खराब व्हायला लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घ्या, तालुक्याच्या दुकानातून घ्या की ऑनलाइन, सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. वॉरंटी त्याच कागदावर मिळते.

लावणं अवघड नाही. एच८१वर साटाचे पोर्ट दोन जातींचे असतात: दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ गिगाबिटचे. पोर्टशेजारी बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बऱ्याच बोर्डांवर रंगही वेगळे असतात. एसएसडी ६वाल्यात, जुनी डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह ३वाल्यात. उलटं झालं तरी आकाश कोसळत नाही. सलग वेग निम्मा होतो, बारीक वाचनाला फारसा धक्का लागत नाही. केबल मात्र नवीन, क्लिपवाली घ्या. दहा वर्षांची लाल केबल ढिली पडलेली असते आणि ‘एसएसडी मध्येच गायब होते’ अशा तक्रारींत मी पहिल्यांदा तीच बदलतो.

एसएसडी बसल्यावर एक चमत्कारिक गोष्ट होईल, तिची आधीच कल्पना देतो. सगळं झपाझप चालेल, पण मधूनच वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ दाबलं की खिडकी पाच-सात सेकंद गोठेल, कॅबिनेटमधून ‘घर्रर्र’ असा आवाज येईल आणि मग सगळं पूर्ववत. ती जुनी हार्ड डिस्क आहे. विंडोजमध्ये डिस्क वीस मिनिटं वापरात नसली की झोपवायची अशी सोय मुळातच चालू असते. सेव्हची खिडकी सगळ्या ड्राइव्हची हजेरी घेते, तेव्हा ही झोपलेली डिस्क फिरायला लागेपर्यंत सगळे खोळंबतात. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ शून्य करा. फुकटातलं अपग्रेड आहे हे.

रॅम. तुमच्या बोर्डावर दोन स्लॉट असतात आणि १६ जीबीपर्यंत चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २’ दिसलं तर आहे त्याच वेगाची दुसरी ४ जीबीची डीडीआर३ पट्टी लावा. दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनल चालू होतं. १६०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला १२.८ जीबी जातात, दोघींतून २५.६. तुमचं ग्राफिक्स रॅममधूनच चालत असल्यामुळे कोरलमध्ये झूम-स्क्रोल करताना याचाही थोडा हातभार लागतो. ‘१ ऑफ २’ ऐवजी ‘२ ऑफ २’ दिसलं, म्हणजे २ अधिक २ असेल, तर दोन्ही काढून ४ अधिक ४ लावावी लागेल.

डीडीआर३ नवीन आता फारशी कोणी ठेवत नाही, सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. रॅम ही क्वचित बिघडणारी वस्तू आहे. एकाच गोष्टीची काळजी घ्या. बाजारात ८ जीबीच्या अतिस्वस्त डीडीआर३ पट्ट्या फिरतात, त्या फक्त एएमडीच्या जुन्या बोर्डांवर चालतात. इंटेलच्या बोर्डावर लावल्या की स्क्रीन काळी किंवा नुसते बीप. दुकानदाराला ‘इंटेलवर चालवून दाखव’ म्हणा, आणि न चालल्यास परत घेण्याचं बोलून घ्या. पट्टी लावण्याआधी जुन्या पट्टीच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, मग बसवा. कोकणातल्या किंवा पावसाळी हवेतल्या मशीनची ‘चालू होत नाही’ ही तक्रार कित्येकदा एवढ्यानेच मिटते. नंतर रात्री दुकान बंद करताना रन बॉक्समध्ये ‘mdsched’ ही कमांड देऊन विंडोजची मेमरी तपासणी लावून जा.

आणि हो, विंडोज ३२-बिट आहे का ते बघा. सेटिंग्जमधल्या सिस्टिम, अबाउटमध्ये लिहिलेलं असतं. जुना डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी चावी) ६४-बिटवर चालणार नाही या भीतीने बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून ३२-बिट असतं. तसं असेल तर ८ घाला की १६, वापरात सव्वातीनच्या पुढे जाणार नाही. त्यावर रॅम विकणारा आणि घेणारा दोघंही बिचारे.

मेव्हण्यांच्या आय-७बद्दल. तुमच्या सॉकेटमध्ये बसणारा आय-७ ४७९० जुन्या बाजारात मिळतो. तुमचा आय-३ ३.५ गिगाहर्ट्झवर चालतो, ४७९० जास्तीत जास्त ४.०वर. घराणं एकच, त्यामुळे एका क्लिकच्या कामाला फरक चौदा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर म्हटलेले दहाचे पावणेनऊ सेकंद. दोनऐवजी चार कोअर मिळतात हे खरं, आणि एकाच वेळी मोठा पीडीएफ एक्सपोर्ट, स्कॅनिंग आणि क्रोम चालत असेल तेव्हा ते उपयोगी पडतात. पण तुमचा सीपीयू आजच अर्धाही वापरला जात नाहीये. शिवाय आय-३ची उष्णतेची मर्यादा ५४ वॅट, ४७९०ची ८४. आय-३सोबत आलेला चपटा कूलर त्याला पुरत नाही, तोही बदलावा लागेल. एसएसडी आणि रॅम बसल्यावर महिनाभर वापरून टास्क मॅनेजर पुन्हा बघा. सीपीयू खरंच शंभरावर अडकत असेल तर सेकंडहँड आय-५ ४५७० बघा, तोही चार कोअरचाच आणि आय-७हून बराच स्वस्त. त्याचीही उष्णतेची मर्यादा ८४ वॅट आहे, कूलरचा हिशोब तोच.

ग्राफिक्स कार्डाची भानगड तर वेगळीच. ‘२ जीबी’ हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण ती मेमरी कार्डाची स्वतःची. वर्ड, क्रोमचे टॅब, फॉर्मची पोर्टलं यांना तिचा काडीचा उपयोग नाही. एका ठिकाणी मात्र ग्राफिक्सचा खरा संबंध येतो, तो यूट्यूबवर. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने पाठवतं. तुमच्या चौथ्या जनरेशनच्या इंटेल ग्राफिक्सला या दोन्ही उलगडता येत नाहीत, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि मागे व्हिडिओ लावून काम करणाऱ्याचं मशीन जड होतं. यावर कार्ड घ्यायची गरज नाही. यूट्यूबला जुनी एच.२६४ पद्धत वापरायला लावणारं एक्स्टेन्शन क्रोममध्ये मिळतं. ती पद्धत तुमचं ऑनबोर्ड ग्राफिक्स सहज पेलतं. एच.२६४ १०८०पीपर्यंतच मिळते, दुकानात त्याहून जास्त लागतं कोणाला?

काही ‘स्लो’ हार्डवेअरचे नसतातच. बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर डिफॉल्ट म्हणून राहिला असेल तर वर्ड आणि कोरल उघडताना त्याला हाका मारत बसतात. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेला पोर्टल गोल फिरत राहिलं तर तेच पान मोबाइलच्या इंटरनेटवर उघडून बघा. तिथेही फिरत असेल तर सर्व्हर डाऊन आहे, तुमच्या मशीनचा काही गुन्हा नाही. दहा वर्षांत कॅबिनेट उघडलं नसेल तर फॅनचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि दुपारी तीननंतर मंदावणाऱ्या मशीनमध्ये मी आधी हेच बघतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडं. आत ७ मिलिमीटर जाडीची डिस्क बसते की एम.२ आहे, आणि एम.२ असेल तर साटा की एनव्हीएमई, हे मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या; दोन्ही दिसायला जवळपास सारख्याच. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर विषय संपला. आणि लॅपटॉप अचानक सगळ्याच कामांत कासव झाला तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप डुप्लिकेट किंवा कमी वॅटचा चार्जर ओळखतात आणि प्रोसेसरला एक गिगाहर्ट्झच्याही खाली बांधून ठेवतात.

आता उरलेले पैसे का राखून ठेवायचे ते. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमचं मशीन त्यात बसत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ठेवली, त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. तुमच्याकडे लोकांचे आधार, पॅन, बँकेचे कागद येतात, त्यामुळे अपडेट बंद झालेल्या विंडोजवर वर्षानुवर्षं दुकान चालवा असं मी सांगणार नाही. म्हणजे या मशीनचं आयुष्य मर्यादित आहे. म्हणूनच पुढच्या मशीनमध्ये नेता येईल अशा वस्तूवर पैसे घाला. साटा एसएसडी पुढच्या जवळपास कुठल्याही डेस्कटॉपमध्ये बसेल. डीडीआर३ रॅम बसणार नाही, म्हणून तिच्यावर ८च्या पुढे जाऊ नका. प्रोसेसरही इथेच राहणार. राहिलेल्या रकमेत थोडी भर घालून कंपन्यांतून निघालेलं, आठव्या जनरेशनच्या आय-५चं रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघता येतं. भाव मुद्दाम लिहीत नाही. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे दर असे चढले की कालचं कोटेशन आज चालत नव्हतं.

शेवटचं काम विंडोज नव्या डिस्कवर आणण्याचं. एरवी मी कोऱ्या विंडोजच्या बाजूचा आहे, पण तुमच्यासारख्या दुकानात श्रीलिपीचा डोंगल, टॅली, डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस असं सगळं जमून बसलेलं असतं. ते पुन्हा बसवण्यात दोन दिवस दुकान आडवं होतं. म्हणून क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवा. (विंडोज ३२-बिट निघालं तर मात्र कोरं टाकण्यावाचून इलाज नाही, क्लोनही ३२-बिटच होईल.) त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर (डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागा) शून्याशिवाय काही असेल तर क्लोनच्या भानगडीत पडण्याआधी कामाच्या फायली दुसरीकडे काढून घ्या. १ टीबीवरून ५०० जीबीवर जायचं असल्यामुळे डेटा कमी करावा लागेल, आणि तो लहान डिस्कवर आपोआप मावून घेणारं क्लोनिंग सॉफ्टवेअर बहुतेक नामांकित एसएसडी कंपन्या स्वतःच देतात, तेच वापरा. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, त्याला काही होत नाही.

क्लोन झालं की मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि फक्त एसएसडीवर सुरू करा. आठवडाभर तसंच वापरा: एक सही करून बघा, एक अंगठा घेऊन बघा, कोरलमधून एक प्रिंट काढा. सगळं चाललं की मगच जुनी डिस्क परत जोडून साफ करा. दोन्ही डिस्क पहिल्याच दिवशी जोडलेल्या ठेवल्या तर कित्येकदा बायोस जुन्याच डिस्कवरून विंडोज सुरू करतं, आणि मग ‘एसएसडी टाकली तरी काही फरक नाही’ म्हणून फोन येतो. तसं वाटलं तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावाखाली बघा: एसएसडी लिहिलेल्या डिस्कसमोर कंसात ‘सी’ हवा.